डावीकडचा गवती पतंग

गवती पतंग ओळखायला मी निवृत्तीनंतर शिकलो, मनीषनगरातल्या घराशेजारच्या रिकाम्या प्लॉटवर. बाकीची शहाणी माणसं तिथे कचरा टाकतात, मी पतंग बघतो. बायकोच्या मते दोन्ही सारखंच.

हा पतंग बोटाच्या पेराएवढाही नसतो. त्याची अळी गवत खाऊन वाढते, आणि मोठा झाल्यावर तो स्वतःच वाळक्या काडीसारखा दिसतो. पंख विडीच्या पानासारखे अंगाभोवती गुंडाळलेले, तोंडापुढे चोचीसारखं टोक, पंखांवर बारीक चंदेरी रेघा. पण रेघा नंतर. खरी ओळख त्याच्या उडण्यात आहे. गवतात पाऊल टाकलं की तो पायाजवळून भुर्रकन उठतो आणि दोन हातांवर जाऊन पुन्हा काडीला चिकटतो. उठतानाच तो नजरेत धरावा लागतो, नाहीतर बसा शोधत.

त्या सकाळी अर्धा प्लॉट तुडवला, एकही उठला नाही. शेजाऱ्याने फवारणी केली असणार, म्हणून मनातल्या मनात त्याला शिव्या घातल्या. बायको कुंपणाशी कढीपत्ता तोडत होती.

"बसला ना तो, तुमच्या डाव्या अंगाले," ती म्हणाली. "मघापासून दोन-तीन उडाले."

मी मान वळवली. पतंग होता. चोच, पंख, चंदेरी रेघासुद्धा स्वच्छ दिसत होत्या. मग उठताना का दिसला नाही? मी नजर समोर ठेवून डावा हात कानाजवळून हळूहळू पुढे आणला. बराच पुढे येईपर्यंत तो मला दिसेना.

माझे वडील डाव्या खांद्याने चौकटीला धडकायचे. पेपर मात्र खडाखडा वाचायचे. सावनेरच्या घरी सगळ्यांनी ठरवून टाकलं, मोतीबिंदू आहे, पिकू द्या, पिकला की काढू. आम्ही तो पिकायची वाट पाहिली. तो काचबिंदू निघाला. काचबिंदू पिकत नाही, नजर कडेकडेने खात आत येतो, आणि गेलेली नजर परत मिळत नाही. डॉक्टरांनी हे सांगितलं तेव्हा वडिलांना समोर बसलेले डॉक्टरही दिसत नव्हते. सगळं ऐकून त्यांनी विचारलं, "मग आता कधी पिकन?"

बायको लग्न होऊन आली तोवर त्यांची नजर पूर्ण गेली होती. कशी गेली, हे आमच्या घरात कोणी बोलत नसे.

"काहून जी, काय झालं?" ती जवळ आली.

"डावीकडचं दिसत नाही."

तिने माझ्या डोळ्यांत निरखून पाहिलं. "वय झालं ना आता. मोतीबिंदू असन. पिकू द्या, मग..."

मी तिचं मनगट इतकं घट्ट धरलं की कढीपत्ता खाली सांडला. "तसं म्हणू नको. आत्ताच दवाखान्यात चाल."

"आत्ता? आंघोळ तरी करा."

"मले भेव लागून राहिलं वं."

इतक्या वर्षांच्या संसारात हे वाक्य मी तिच्याशी कधी बोललो नव्हतो. सांडलेला कढीपत्ता तसाच टाकून ती माझ्या डाव्या बाजूला आली आणि आम्ही रस्त्याकडे निघालो. ती शेजारीच चालत होती. मला तिच्या चपलांचा आवाज तेवढा येत होता.