मुराळी कडूबाई

आमच्या जामखेडकडे निजामाच्या मुलखाला मोगलाई म्हणत. कडूबाईनं एकुलती एक लेक पुष्पावती मोगलाईत दिली, तेव्हा मधे एक माळ, निजामाचा पेंगणारा जकातनाका आणि त्यामागं ओढा, एवढंच होतं. घरात पुरुषमाणूस नाही, म्हणून नागपंचमीला लेकीला माहेरी आणायला मुराळी म्हणून ही स्वतःच जायची. गाव हसायचं. हिला कुणाची पर्वा?

सत्तेचाळीसला आपण स्वतंत्र झालो, मोगलाई राहिली. तिकडं रझाकार, इकडं त्यांच्याशी लढणाऱ्या पोरांचा कॅम्प. रझाकारांकडे बंदुका, गाड्या, फौजदार. आमच्याकडे गंजक्या ठासणीच्या बंदुका, कडूबाईच्या भाकरी आणि हद्द. हद्द हेच खरं बळ: वार करायचा, माळ ओलांडायचा आणि घरी येऊन जेवायचं. त्यांना मागं येता येत नसे. पलीकडची गावं मात्र जागची हलू शकत नव्हती. राग त्यांच्यावर निघायचा. ते आम्ही फारसं बोलत नसू.

त्या वर्षी पुष्पावती पंचमीला आली नाही. हद्दीकडं निघालेल्या सुनेवर हेर म्हणून संशय यायचा, त्यामुळं सासरचे धाडेनात. कडूबाईचा जीव तुटायचा. कॅम्पच्या पोरांना वाढताना तिला दुसरा विषय नसे.

“नाक्याच्या अंगाला बाभळीतनं वाट हाय. सरावनात मागचा वडा भरला, की तिकडनं नाक्यावर कुनी येत न्हाई. मी न् पुष्पी येकदा तितंच अडकून पडलो हुतो.”

कॅम्पचे प्रमुख आप्पासाहेब भाकरी मोडता मोडता ऐकत.

पुढच्या वर्षी श्रावण लागायच्या आधीच ओढा भरला आणि पोरं बाभळीतून गेली. रझाकारांची मदत ओढ्यापलीकडंच अडली, नाका पडला. आमच्यातल्या कुणाला खरचटलंही नाही. आम्ही गूळ वाटला. ओढा उतरल्यावर पुष्पावतीचं गाव पेटलं. धूर आमच्या माळावरून दिसत होता. कडूबाई पंचमीलाही तिथंच उभी होती.

भाद्रपदात हिंदुस्थानची फौज आली, निजाम शरण गेला. कडूबाई सगळ्यांच्या आधी पलीकडे गेली. घराच्या भिंती काळ्या पडल्या होत्या. माणसं कुठं पांगली, कुणाला सांगता येईना. ती एकटीच परतली.

आप्पासाहेब लुगडं-नारळ घेऊन तिच्या घरी आले.

“मावशी, त्यांचं एवढं बळ, पण तुमच्या सांगण्यानं नाका पडला.”

कडूबाईनं लुगड्याला हात लावला नाही.

“तुमी नाक्याचं ऐकलं व्हय? मी लेकीकडं कसं जायचं, ते सांगत हुते, बाबा.”