शंभरात ब्याण्णव

शेअरबाजारात आपोआप खरेदी-विक्री करणारा प्रोग्राम मी लिहिला आणि तो चांगला की वाईट हे ठरवायला चुकीचा आकडा निवडला. शंभरातले किती सौदे नफ्यात सुटले, एवढाच. जुन्या भावांवर चालवून पाहिला तर ब्याण्णव! मी स्वतःचीच पाठ थोपटली. हात नीट पोचत नव्हता तरी.

बाबा निवृत्त शिक्षक. उमेळ्याच्या वाडीतला काकांचा हिस्सा त्यांना विकत घ्यायचा होता. विहीर त्याच हिश्शात. तो बिल्डरकडे गेला की आमच्या केळी पाण्याविना मरणार. पैसे थोडे कमी पडत होते. काका दिवाळीपर्यंत थांबायला तयार होते.

"तोवर वाढवून देतो," मी म्हणालो. "ब्याण्णव टक्के आहे, बाबा."

जन्मभर दहावीचे निकाल वाचलेल्या माणसापुढे टक्के उच्चारू नयेत. बाबांनी सगळी पुंजी दिली, वर पेढे आणले. मीही निर्लज्जासारखे दोन खाल्ले.

प्रोग्रामची खुबी अशी: नफा दिसला की लगेच विकायचं, तोटा दिसला की भाव परत येईपर्यंत बसून राहायचं. न विकलेला तोटा माझ्या आकड्यात येतच नव्हता. जास्तीत जास्त किती बुडू शकतं हे सांगणारा रकाना होता, पण तो फार लाल दिसायचा म्हणून मी लपवून टाकला होता.

गणपतीनंतर बाजार पडू लागला. प्रोग्राम बसून राहिला. मीही. बाबा रोज विचारायचे, "टक्के किती?" मी खरं तेच सांगायचो, "ब्याण्णव."

एकदा ते चष्मा लावून माझ्या स्क्रीनसमोर शेजारीच येऊन बसले.

"हे खालचे सौदे कसले?"

"ते अजून सुटायचेत."

"म्हणजे कोरे सोडलेले प्रश्न. ते न धरताच टक्के काढलेस?"

त्याच दिवशी सगळं विकलं. निम्मेही उरले नाहीत.

दिवाळीनंतर वसईच्या नोंदणी कार्यालयात काकांनी बिल्डरच्या कागदांवर सही केली. बाबा साक्षीदार. यंत्रावर त्यांचा अंगठा उमटेना. तीनदा धोतराला पुसून ठेवला, तेव्हा उमटला. मग ते रिक्षात जाऊन बसले.

मी काकांना म्हणालो, "काका, थोडं अजून थांबला असतात तर..."

"थांबलोच होतो," काका म्हणाले. "वाडी मी नाही विकली रे. तू विकलीस."