सदूमामांच्या सायकलीचं स्थळ

मामी फोनवर म्हणाली, "मामा गेले रे... आणि सायकलीवर न्हय, खाटीर!" तिच्या रडण्यात आश्चर्यही होतं. मामा सायकलीवरूनच वर जाणार, हे आम्ही सगळ्यांनी गृहीत धरलं होतं. दुपारी जेवले, आडवे झाले... उठलेच नाहीत.

गोव्यातल्या कोरगावचे सदूमामा, माझ्या आईचे धाकटे भाऊ, तरुणपणी बोटीवर नोकरीला होते. बरोबरच्यांनी परदेशातून टेपरेकॉर्डर आणले. मामांनी इटलीतून पोलादी रेसची सायकल आणली. निळी, बारीक नळ्यांची, मेंढ्याच्या शिंगांसारख्या हँडलची. एका शिंगाला पिशवी अडकवून ते पोदेराकडून पावाचे उंडे आणायला जात आणि उतारावर निम्मे सांडून घरी येत.

गुडघे दुखू लागले तशी त्यांना काळजी लागली. एकदा जेवताना म्हणाले, "माझ्यामागे हिचं कसं होणार?" मामीने डोळ्यांना पदर लावला आणि त्यांच्या ताटात इसवण माशाची आणखी एक तुकडी वाढली. ती संपवून मामा म्हणाले, "टायर तर आता मिळतच नाहीत."

रविवारी मोरजीकडे निघालेली, कार्बनच्या सायकलींवरची पोरं त्यांच्या अंगणात थांबत. निळीबरोबर फोटो काढत, 'क्लासिक!' म्हणत आणि पुढे जात. "फोटोक सगळे," मामा म्हणत, "मागणी घालूक कोण नाय."

मामांच्या गुडघ्यांना व्यायाम द्यायला घरी येणारी डिचोलीची तन्वी मात्र एकदा म्हणाली, "चोपड्यापर्यंत चालवून बघू?" गेली ती स्वार होऊन, परत आली चालत, चिखलाने माखून. गिअरचे दांडे खाली फ्रेमवर. ते ओढायला वाकली आणि थेट शेतात शिरली. मामा धावले आणि सायकलीचं पुढचं चाक फिरवून बघू लागले.

"आधी चेडवाक बघा!" मामी ओरडली.

तन्वी म्हणाली, "मामा, मला हवीय ही. पण गिअर वर, हँडलवर घेणार."

"म्हणजे मुलगी पसंत, पण नाक बदलून देऊचां?"

"मला ती रोज कामावर न्यायचीय, मामा. नुसती पुसत नाही बसायची."

मामा रुसले. व्यायामही करीनात, घरात लंगडत राहिले. मग एका सकाळी स्वतःच तिला फोन केला, "बदल. पण निळ्या रंगाक हात लाव, मग बघ!" बदललेल्या सायकलीवर त्यांनी अंगणात एक फेरी मारली. "सोपां झालां," म्हणाले. आणि उतरता उतरता, "...मजा नाय." तरीही तन्वी ती घेऊन गेटबाहेर पडून वळणाआड जाईपर्यंत बघत उभे राहिले.

गेल्या आठवड्यात मी मामांचा मोठा केलेला फोटो घेऊन कोरगावला गेलो. पुढच्या खोलीत, निळी जिथे टांगलेली असायची, त्या दोन खुंट्या रिकाम्या होत्या. मी फोटो तिथे धरला.

"थंय नको," मामी म्हणाली. "तेंका खिडकीकडे लाव. पावसात चेडू इलां तर ती सायकल खंय ठेवतलां?"