मुंगीचे बूट माझ्या पायात

आमचे हे क्लबात सामानाची खोली सांभाळतात. चेंडूंत हवा भरायची, जर्सी घड्या घालून ठेवायच्या, उसवलेले बूट शिवायचे. कारखाना बंद पडला तेव्हा क्लबनेच ह्यांच्या हाताला काम दिलं, ते उपकार मी मरेपर्यंत विसरणार नाही. पण माणूस घरी आला तरी ती खोली काही डोक्यातून जात नाही, त्याला काय करायचं? जेवताना ताटात काय आहे याचा पत्ता नाही, तोंडात सारखी ती मुलं.

मुलं म्हणजे नाल्यापलीकडच्या वस्तीतली. क्लब त्यांना फुटबॉल शिकवतो आणि दर वर्षी त्यांचा संघ परदेशी स्पर्धेला नेतो, तोही सगळा स्वतःच्या खर्चानं. यंदा त्या संघात मुंगी होती. एवढीशी पोर, पण चेंडू पायाशी आला की कुणाच्या बापाला सापडत नाही. ह्यांचा तिच्यावर भारी जीव. आम्हाला मूल नाही. माझाही जडला, खोटं कशाला बोलू?

निघायला दोन दिवस उरले आणि हे तोंड पाडून घरी आले. हातात बुटांचा खोका.

"मुंगीचे आहेत. क्लबनं महिन्यापूर्वी दिलेत. तळ बघ."

मी उलटे करून बघितले. मातीचा कण नाही.

"विमानासाठी जपून ठेवले म्हणते! उशाशी घेऊन झोपायची. सराव जुन्या बुटांवर केला आणि ते आज फाटले. हे असेच घालून खेळली तर टाचा सोलतील. प्रशिक्षक म्हणाले, मग तिला बाहेरच बसावं लागेल."

"मग आता घालून चालू दे की तिला."

"आता फोड आला तर तो घेऊनच जाईल ना ती," म्हणाले आणि माझ्या पायांकडे बघत राहिले.

माझा पाय लहान मुलीएवढा. लग्नात माझ्या चपला मुलांच्या दुकानातून आणाव्या लागल्या, त्यावरून अजून चिडवतात. मला कळलं काय ते.

"अहो, काहीतरीच काय! या वयात फुटबॉलचे बूट घालून भांडी घासू?"

"भांडी मी घासतो. तू फक्त चाल."

ह्यांनी आतून टाचेला ओला साबण चोळला, बूट वाकवून वाकवून सैल केले आणि मी ते घालून घरभर टकटक फिरले. खालची शेजारीण "घोडा पाळलाय का?" म्हणून भांडायला आली आणि माझ्या पायांकडे बघून तशीच मागे फिरली. बाजारातही तशीच गेले. हसणारे हसले. माझ्या टाचा सोलवटल्या, तर ह्यांनी मलम लावलं, पट्ट्या चिकटवल्या आणि बूट पुन्हा पुढे केले. असा हा निर्दयी माणूस! पण बूट मऊ पडले. मळलेले बघून मुंगी आधी रुसली. मग ह्यांनी तिला सगळं सांगितलं.

तिकडे परदेशात सामना झाल्यावर प्रशिक्षकांनी व्हिडिओ कॉल लावला. ह्यांनी झडप घालून फोन उचलला.

"जिंकलात का गं?"

"हरलो! पण काका, मी शेवटपर्यंत खेळले. काकू कुठंय?"

मी पुढे झाले. तिनं बूट काढला, मोजा ओढला आणि टाच फोनसमोर धरली. घामेजलेली, पण साधा ओरखडाही नाही. देवा, क्लबवाल्यांचं भलं कर, आणि माझ्या ह्या वेड्या माणसाचंही.

"आता तुझी बघू, काकू."

मी पट्टीवाला पाय मागे घेतला.

"माझ्या टाचेला काय धाड भरलीय!" म्हटलं आणि डोळे पुसले.