धुराच्या पाइपचं माप

निवृत्तीनंतर बाबांनी बरगीच्या जलाशयासाठी एक लहान शिडाची होडी स्वतः बांधली होती. वारा पडला तर परतता यावं म्हणून तिच्यात छोटं डिझेल इंजिन होतं. मागच्या हिवाळ्यात त्या इंजिनाचा धूर बाहेर नेणारा रबरी पाइप तडकला. बाबांनी माप घेतलं आणि आम्ही दोघं गोहलपूरच्या बाजारातून नवा पाइप कापून आणला. तो इंजिनाच्या नळीवर सैल बसला. क्लिप कितीही आवळली तरी कडेनं धूर येतच होता.

"काहून होऊन राहिलं हे?" बाबा पुन्हा पुन्हा विचारत होते.

जुन्या पाइपचं त्यांनी बाहेरून माप घेतलं होतं. लागत होतं ते आतलं. मी हळूच सांगितलं. त्यांनी मापाचा कॅलिपर डोळ्यांजवळ धरला आणि मग माझ्या हातात दिला.

"तूच वाच बेटा. मला आकडे समजून नाही राहिले."

संरक्षण खात्याच्या कारखान्यात उभी हयात त्यांनी केसाएवढा फरक पकडला होता. मी नळीला कॅलिपर लावून माप घेतलं.

दुसऱ्या दिवशी आणलेला पाइप घट्ट बसला. इंजिन सुरू झालं, धूर नीट मागून बाहेर गेला.

"चला बाबा, एक फेरी मारू," मी म्हटलं.

"नको. पाण्यात गेल्यावर परतायची दिशा विसरलो तर?"

त्यांनी इंजिन बंद केलं. होडी कोणाला द्यायची, हे आम्ही तिथेच काठावर बसून ठरवलं.