सॅम्पलकाकांचे थेंब

आजार सांगून संपायच्या आत सॅम्पलकाकांचा हात बॅगेत गेलेला असे. समोरच्याने "परवापासून जरा..." एवढं म्हटलं की बाटली बाहेर. पुढे तो डोकं म्हणणार होता की गुडघा, याच्याशी काकांना काही देणंघेणं नव्हतं.

ते माझे चुलत सासरे. आमच्याच बिल्डिंगमध्ये खाली राहायचे. जन्मभर एका औषध कंपनीत एम.आर. होते. सोलापूरच्या उन्हात टाय लावून डॉक्टरांच्या दारात ताटकळायचं, आत गेल्यावर घाईघाईने गोळीची स्तुती करायची आणि सॅम्पल ठेवून बाहेर यायचं, ही त्यांची नोकरी. दवाखान्यात कुणी त्यांचं धड ऐकून घेतलं नाही. निवृत्त झाल्यावर त्याचा सूड त्यांनी नातेवाइकांवर उगवला.

उरलेली सॅम्पलं त्यांच्या कपाटात गच्च भरलेली होती. बाटलीवरची तारीख उलटून गेल्याचं मी एकदा दाखवलं, तर म्हणाले, "ती तारीख दुकानदारांसाठी असते गं." सासऱ्यांना गुडघ्यासाठी म्हणून त्यांनी दिलेलं मलम टाचांच्या भेगांचं निघालं. सासऱ्यांचा गुडघा त्याने बरा झाला, हे तर त्याहून वाईट. त्या दिवसापासून घरात काकांच्या शब्दापुढे जायची कुणाची छाती राहिली नाही.

माझी मुलगी अन्वी महिन्याची झाली आणि संध्याकाळ झाली की रडायला लागली. पाय पोटाशी ओढायची, मुठी आवळायची, तोंड लालबुंद. पोट तट्ट फुगलेलं. वारा सरला की क्षणभर गप्प, की पुन्हा सुरू. तिच्यासोबत मीही रडत असे. अशा वेळी जिन्यात काकांच्या चपला वाजायच्या.

"गॅस आहे," ते दारातूनच जाहीर करायचे. जसं काही बाकीच्यांना मोतीबिंदू वाटत होता.

आधी ग्राइप वॉटर आलं. मग थेंब आले. मग माझ्या ताटावर संक्रांत आली. वांगं बंद, तुरीचं वरण बंद, कोबी बंद. शेंगाची चटणीसुद्धा बंद. सोलापुरात राहून शेंगाची चटणी बंद! मी मऊ भात आणि तूप गिळत होते आणि पोरगी होती तशीच रडत होती. माझं वजन तेवढं उतरलं. काका म्हणाले, "म्हणजे दोष खाण्यात नाही, दुधातच आहे. हिचं दूधच बाधतंय. अंगावरचं तोडा. डब्यावर घ्या."

बाळाला घेऊन दहा मिनिटंही न बसलेला हा माणूस माझ्या दुधाचा निकाल लावत होता. पण सासूबाई घाबरल्या, नवऱ्याने निमूटपणे पावडरीचा डबा आणला. मीही इतकी थकले होते, की होय म्हणाले.

दुसऱ्या दिवशी माझी छाती दगडासारखी झाली आणि अंगात कणकण भरली. अन्वीला शी होईना. रडणं कमी व्हायचं सोडून वाढलं. काका म्हणाले, "ब्रँड बदला."

तेवढ्यात अक्कलकोटहून माझी आई आली. पिशवीत कडक भाकरी आणि चटणीची पुडी होती. तिने माझा चेहरा पाहिला, टेबलावरचा डबा पाहिला.

"दूध हाय, पोर हाय," ती म्हणाली, "मग हा डबा कुणाला?"

काका समजवायला लागले. आई चिडली की कानडीत शिरते. "साकु, साकु! पुरे झालं तुमचं," म्हणत तिने अन्वीला दुपट्यात गुंडाळलं आणि मला घेऊन थेट लहान मुलांच्या डॉक्टरीणबाईंकडे निघाली.

बाईंनी अन्वीला नीट तपासलं आणि मला समोरच पाजायला लावलं. बघून म्हणाल्या, "हिच्या तोंडात नुसतं टोक जातंय, म्हणून दुधाबरोबर वारा गिळतेय. तोंड मोठं उघडलं की सगळा काळा भाग आत जाऊ दे." आधी एक बाजू पूर्ण पाजायची, मग खांद्याशी उभं धरून ढेकर काढायची, पोटावरून हलक्या हाताने मालिश करायची, पाय सायकलसारखे हलवायचे, असं त्यांनी करून दाखवलं. थेंब, ग्राइप वॉटर, घुट्टी सगळं बंद. दूध मात्र सुरू ठेवायचं, आणि मी सगळं खायचं. "ताप आला, हिरवी उलटी झाली, शीतून रक्त गेलं किंवा प्यायचंच सोडलं, तर लगेच या. नाहीतर तीन-चार महिन्यांची झाली की हे आपोआप थांबतं. बाळाचं काही बिघडलेलं नाही. तुमचंही नाही."

शेवटच्या वाक्याला मी तिथेच रडले.

संध्याकाळी काका तणतणत वर आले. "औषध न देणारी कसली डॉक्टर? थांब, तुला दाखवतो." एका हाताने मोबाइलवर ते काहीतरी शोधायला लागले. अन्वी माझ्या खांद्यावर किंचाळत होती. आई स्वयंपाकघरात होती. निदान थोडा वेळ काकांचं तोंड बंद राहील म्हणून मी पोरगी त्यांच्या दुसऱ्या हातावर पालथी घातली. "धरा जरा, काका."

तोंड काही बंद राहिलं नाही. पण पोरगी हातातून पडेल असं भय वाटून त्यांनी मोबाइल खिशात टाकला, दुसरा हात तिच्या पाठीवर ठेवला आणि बोलत बोलत गॅलरीत फेऱ्या मारू लागले. तिचं डोकं त्यांच्या कोपराशी, पोट हाताच्या लांबीवर, हातपाय दोन्हीकडे लोंबकळलेले. डॉक्टर लोक कसे चुकतात यावर भाषण चालू होतं. चौथ्या की पाचव्या फेरीला अन्वीने असा काही वारा सोडला की आई स्वयंपाकघरातून बाहेर आली. मग अन्वी शांत झाली. डोळे उघडे ठेवून फरशीकडे बघत राहिली.

"बघितलंस?" काका म्हणाले. "परवाच्या थेंबांचा गुण आता दिसतोय."

मी थेंबांची बाटली परवाच्याही आदल्या दिवशीच मोरीत ओतली होती. त्यानंतर रोज दिवेलागणीला मी विचारायचे, "काका, डॉक्टर इतके कसे हो चुकतात?" आणि पोरगी त्यांच्या हातावर ठेवायचे. मूर्ख माणसाचा याहून चांगला उपयोग मला सुचला नसता.

एकदा काकू दारात उभ्या राहून त्यांच्या फेऱ्या बघत होत्या. हळूच म्हणाल्या, "आमच्या महेशला ह्यांनी असं कधी घेतलं न्हाई. आठवडा आठवडा फिरतीवर. घरी आले की पोरगं ह्यांना बघून घाबरून रडायचं. मग हे म्हणायचे, गॅस झालाय, औषध पाजा."

काकांना ते ऐकू गेलं असावं. त्यांची बडबड थांबली. पण फेऱ्या थांबल्या नाहीत.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या तसंच झालं. अन्वीचं रडणं हळूहळू गेलं. त्याचं श्रेय काकांनी थेंबांना दिलं आणि ते सगळ्या नातेवाइकांत सांगत सुटले. पुढे काकू गेल्या आणि महेशने काकांना पुण्याला नेलं. निघताना त्यांनी कपाटातली सगळी सॅम्पलं पिशव्यांत भरून मला दिली. "तुझ्यावर सोपवतोय," म्हणाले. गाडी वळल्याबरोबर मी त्या पिशव्यांची विल्हेवाट लावली आणि मला जराही वाईट वाटलं नाही.

गेल्या महिन्यात त्यांचा फोन आला. महेशला मुलगा झाला आहे. मागे बाळाचं रडणं ऐकू येत होतं. मला वाटलं, आता एखाद्या नव्या औषधाचं नाव ऐकावं लागणार. पण काकांनी आवाज खाली आणला. सून आत होती बहुतेक.

"हे लोक मला औषधाला हात लावू देत नाहीत," ते म्हणाले. मग, "अन्वीला मी कसा धरायचो गं? डोकं कुठल्या बाजूला असायचं?"

मी सांगितलं. डोकं कोपराशी, पोट हातावर, दुसरा हात पाठीवर.

"हां," काका म्हणाले. "तुझ्या लक्षात आहे का, तेच बघत होतो."

फोन त्यांनी बंद केला नव्हता, खिशात टाकला होता. रडणं जवळ आलं, मग त्यांची पावलं ऐकू यायला लागली. एकदा या टोकाला, एकदा त्या टोकाला. तोंडाने ते काहीही बोलत नव्हते.