सांकेतिक ताबा

बँकेच्या लिलावातली तीन घरं मी घेतली, रंगवली आणि विकली. पण नातेवाइकांत गाजलो तो चौथ्यामुळे. लग्नकार्यात मला आजही हा किस्सा उभं राहून, हातवाऱ्यांसकट सांगावा लागतो. आज बसून लिहितो आहे, तेवढेच तुम्ही वाचलात.

या धंद्यात उतरताना बायकोनं एकच अट घातली होती. "कर्ज थकलेल्यांची घरं खुशाल घ्या, पण रिकामी. ज्या घरात कोणाचा गॅस पेटतो आहे, तिथे माझ्या नवऱ्यानं कुलूप घेऊन जायचं नाही." मी देवासमोर, म्हणजे तिच्यासमोर, शब्द दिला.

चौथं घर हुडकेश्वरचं. आधीच्या तिन्ही जाहिरातींत ‘प्रत्यक्ष ताबा’ असं छापलं होतं. इथे होतं ‘सांकेतिक ताबा’. शाळेत माझं मराठी चांगलं होतं, तेच नडलं. मी शब्द फोडला: लिलाव संकेतस्थळावर, म्हणून ताबा सांकेतिक. सगळं ऑनलाइन, कटकट नाही! लगेच वर्षभराची बचत अनामत म्हणून भरून टाकली. खरा अर्थ असा, की बँकेनं दारावर नुसती नोटीस चिकटवली आहे आणि माणसं आत तशीच राहतात. हे मला पुढे एका बाईंनी सराट्यानं समजावलं. सराटा म्हणजे आमच्याकडचं उलथणं.

माझा एक शकुन होता. लिलावाआधी घराच्या फाटकाला आपलं पितळी कुलूप अडकवून पाहायचं. नुसतं अडकवायचं, दाबायचं नाही. मे महिन्याची दुपार, लाइन गेलेली, कूलर बंद, दारं-खिडक्या लावलेल्या. घर मला अगदी रिकामं वाटलं. स्कूटरच्या डिकीत कुलूप तापून निखारा झालं होतं. बोट भाजलं, हात दचकला आणि कुलूप खटकन बसलं. खिसे चाचपले. किल्ली धरमपेठेत, आमच्या स्वयंपाकघरातल्या खिळ्याला!

तेवढ्यात दार उघडलं. हातात सराटा घेतलेल्या बाई.

"काहून जी, आमच्या घराले कुलूप काहून लावून राहिले?"

"चुकून लागलं."

"चुकून? घरून कुलूप घेऊन आले अन् चुकून लागलं? बँकेचे का तुम्ही?"

"नाही. मी... लिलावातला."

"अगं माय! बँकेनं नुसता कागद चिकटवला, तुम्ही तं आम्हाले कोंडूनच टाकलं! माझे संध्याकाळचे डबे जायचे आहेत. भिंतीवरून फेकू का?"

बायकोला फोन करण्याशिवाय इलाज नव्हता. पत्ता सांगितला आणि "किल्ली घेऊन ये," एवढंच म्हणालो. ती येईपर्यंत मी उन्हात बाहेर, बाई सावलीत आत, मध्ये माझं कुलूप. बाईंनी गजांतून मला पाण्याचा गडवा दिला आणि सुनावलंही. "लिलावाची हौस फिटन तुमची. माझा भाऊ येऊन राहिला पारशिवनीहून. रस्त्यात त्याची जमीन गेली, मोबदला आला का बँकेचं सारं भरतो म्हणते."

मी मान डोलावली. दलाल सांगतात, लिलावाच्या प्रत्येक घराला असा एक येणारा भाऊ असतो.

बायको आली. फाटकाआडच्या बाईंकडे, त्यांच्या हातातल्या सराट्याकडे आणि मग माझ्याकडे तिनं पाहिलं. मला काही सांगावं लागलं नाही. तिनं कुलूप उघडलं आणि किल्लीसकट बाईंच्या हातात दिलं.

"ताई, तुमचे हे बोली लावून राहिले का?"

"नाही," बायको म्हणाली. "हे फक्त कुलपं वाटतात."

घरी आल्यावर मी चाचरत नियम सांगितला: एक तरी बोली लावली नाही, तर अनामत जप्त.

"होऊ द्या. आणि बोली लावलीत, तर तुमचा डबा उद्यापासून त्यांच्याचकडून मागवा."

लिलावाच्या सकाळी तिनं लॅपटॉप माझ्यासमोर ठेवला आणि शेजारी सोलायला सूपभर लसूण. "हात रिकामे नकोत." मी लसूण सोलत होतो आणि पडद्यावर घड्याळ उलटं चालत होतं. बोलीचं बटण हिरवं झालं. अनामतीतल्या आमच्या बचतीचा आणि माझा तो शेवटचा नमस्कार, असं समजून मी एक पाकळी उचलली, आणि बटणच गेलं. त्या जागी ओळ आली: कर्जदाराने थकबाकी भरल्यामुळे लिलाव मागे घेण्यात येत आहे.

भाऊ खरा होता! आला होता! मी सूप हवेत उडवलं. घरभर सालं आणि मधोमध मी नाचतो आहे. एवढा हलका मी तीन घरं विकूनही झालो नव्हतो. बायको खुर्चीत बसून हसली, मग डोळे पुसत म्हणाली, "लसूण आहे." अनामत आठवड्याभरात परत आली. तेव्हापासून जाहिरातीतला शब्द न् शब्द ती वाचते, मी फक्त ऐकतो.

मध्यंतरी मुद्दाम हुडकेश्वरला गेलो. फाटकाला माझंच पितळी कुलूप. बाई कुठूनशा परतत होत्या. मला पाहून दुरूनच ओरडल्या, "या जी मालक! थांबा, तुमचं कुलूप उघडतो."

कुलूप माझं, किल्ली त्यांची, घर त्यांचं. सांकेतिक ताबा तो हाच.